जादा ट्रॅक

केस पिकायला लागले तरी घरात ती छोटीच होती, आणि दादा तिच्याशी बोलायचाही तसाच. बाबांच्या सगळ्या सीडी रविवारी येऊन घेऊन जाणार, असं त्याने फोनवर परस्पर जाहीर करून टाकलं. बाबांच्या आजारपणात हा एकदा तरी फिरकला होता का? आता हक्क सांगायला मात्र पहिला! छोटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने बाबांचा जुना मिनीडिस्कचा डेक काढला, सीडी प्लेअरला जोडला आणि एकेक सीडी त्या छोट्या चौकोनी डिस्कवर उतरवायला घेतली. तासाभराच्या सीडीला तासभर लागतोच, तिथे घाई चालत नाही. तेवढ्या वेळात ती भाजी चिरत होती आणि दादाच्या नावाने बोटं मोडत होती.

पहिल्या सीडीवर नऊ गाणी होती. डिस्कवर दहा ट्रॅक दिसले. मधे शांतता आली की डेक आपणच नवा ट्रॅक पाडतो, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने दहावा लावून पाहिला.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिचा स्वतःचा, संतापलेला. "हात लावू नकोस त्यांना!"

असं काही ती बोललीच नव्हती. डेकला माइकसुद्धा जोडलेला नव्हता. दोन यंत्रांमध्ये होती ती एक ऑप्टिकल केबल, आणि तिच्यातून फक्त प्रकाश जातो.

दुसऱ्या डिस्कवरही एक ट्रॅक जादा निघाला. त्यात दादा होता. "छोटे, खोका सोड. मागे जिना आहे."

तिसऱ्यात झटापट होती, तिची किंकाळी होती, आणि काहीतरी जड जिन्यावरून गडगडत गेलं होतं.

छोटीला कळलं, हे रविवारचं भांडण आहे, अजून न झालेलं. राग तर आणखीच चढला. पण तिने ठरवलं, रविवारी तोंडातून ब्र काढायचा नाही.

दादा आला तेव्हा शेवटची सीडी नुकतीच उतरून झाली होती. तिने ती बाकीच्या सीडींच्या खोक्यात टाकली आणि खोका पायाने दाराकडे सरकवला.

"एवढ्यात? मला वाटलं, घर डोक्यावर घेशील," दादा हसला.

तिने दार उघडून धरलं.

"जड आहे गं. एका बाजूने धर की जरा."

"तुझं तू बघ."

तो बाहेर पडताच तिने दार आपटून लावलं. सुटले एकदाची! तिने शेवटच्या डिस्कचा जादा ट्रॅक लावला.

दार आपटलं.

पायऱ्या उतरणारी पावलं. दादाची धाप.

मग सीडी विखुरल्याचा आवाज. खाली, खूप खालीपर्यंत.

"छोटे..." अगदी हळू.

त्यानंतर काहीच नाही. डिस्प्लेवरचे आकडे मात्र पुढे सरकत होते.

छोटीने आवाज वाढवला आणि ट्रॅकमध्ये आपलं दार कधी उघडतंय, याची वाट बघत बसून राहिली.