जुन्या गावठाणाचं सांडपाणी

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं नियोजन म्हणजे आधी जागेसाठी वणवण. गटार सगळ्यांनाच साफ हवं असतं, केंद्र मात्र दुसऱ्याच्या दारात. उमरग्याच्या अलीकडच्या या छोट्या नगरपंचायतीत जागा आयती मिळाली, म्हणून मी खुशीत होतो. जागा होती जुन्या गावठाणाची. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पडलं आणि वाचलेली माणसं नव्या वसाहतीत गेली. जमीन सरकारी, उतार ओढ्याकडे, तक्रार करायला कुणी नाही. बाभळी आणि दगडांचे ढीग तेवढे उरले होते.

जळकोटच्या लॉजवरून मी सकाळी मोजणीला यायचो. ओढ्याच्या काठावर जुन्या गटाराचा सिमेंटचा पाइप उघडा पडला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. वर ना नळ, ना माणूस. पाझर असेल म्हणून हात लावला, तर पाणी कोमट. शिकेकाईचा वास येत होता. कुणीतरी चोरून जोडणी केली असणार, असं वाटून मी चिडलो. मजूर लावून खणून पाहिलं. पाइप एका ढिगाऱ्यात शिरून तुटला होता, पुढं नुसती माती.

काठावर एक म्हातारी रोज बसलेली असायची. कमलबाई. तिची सात वर्षांची मंदा त्याच ढिगाऱ्याखाली राहिली होती, घरातल्या सगळ्यांसोबत.

"मावशी, हे पाणी कुठून येतं?"

"आमच्याच घरातनं की," ती सहज म्हणाली. "मागं एका उन्हाळ्यात पिवळं आलं, हळदीचं. मंदाचं लगीन झालं. आता वेखंडाचा वास यायलाय. बाळ झालंय तिला."

मला तिची कीव आली.

"सायेब, एवढा पाइप बुजवू नका. लेकीचं एवढंच कळतंय मला."

मी हो म्हटलं नाही. आराखडा द्यायचा होता आणि टाक्या नेमक्या तिथंच येणार होत्या. पाझर असेल तर पाणी दुसरीकडून फुटेल, म्हणून मी पाइपात गोणपाटाचा बोळा कोंबला आणि वरून सिमेंट लिंपलं. कमलबाईनं माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी कुठंच ओल नव्हती. पाझर नव्हता, तर मग ते पाणी कुठलं, तेच कळेना. कमलबाई काठावर उपाशी बसून होती.

तिसऱ्या सकाळी मला ते बघवेना. पहार घेऊन मीच बोळा फोडला.

पाणी लोंढ्यानं आलं. स्वच्छ. कसलाच वास नव्हता.

कमलबाईनं त्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"गार हाय."

"साठलेलं असेल, मावशी."

"न्हाय. समद्यांनी एकदम अंगावर घेतलंय. मसणवट्यातनं आल्यावर घेत्यात तसं."

तिनं पदर डोक्यावर ओढला. रडली नाही. माझ्याकडे वळली.

"आतलं कोण गेलं ते तुमीच इचारा. बोळा तुमी घातला व्हता."

मला लाज वाटली, भीतीही. तरी मी गुडघे टेकले आणि पाइपाच्या तोंडाशी वाकून विचारलं.

आतलं पाणी थांबलं.