सी मुफद्दल यांचं गुणकारी तेल

"नाही मिळत," मी म्हणाले.

तो बिचारा अजून काही बोललाच नव्हता. धुक्यातून चढून आला होता, बुटांना चिखल, पाठीवर पिशवी, आणि आमच्या तेलघाण्याच्या दारात धापा टाकत उभा होता. पण आमच्या डोंगरात अनोळखी तरुण पाठीवर पिशवी घेऊन आला की त्याला काय हवं असतं, हे आमच्या ऐन रीहान गावची शेंबडी पोरंसुद्धा सांगतील.

"अहो, पण मी..."

"हशीश नाही, किफ नाही, 'मित्रासाठी थोडंसं' तर मुळीच नाही! आता आमची कायद्याची सहकारी संस्था आहे. परवाना भिंतीवर लावलाय, वाचून घ्या."

"मी... पाणी मागणार होतो."

मी पाणी दिलं. दुसरं काय करणार? तो पीत असताना भांड्याच्या काठावरून माझ्याकडे बघत होता. पापण्यांवर धुक्याचे थेंब बसले होते. असले थेंब आमच्या शेळ्यांच्या पापण्यांवरही बसतात, पण शेळ्यांकडे बघताना मला कधी काही झालं नव्हतं.

"मी जवाद," भांडं परत देत तो म्हणाला. "राबातहून आलोय. तुमच्या तेलाच्या बाटलीवर काय छापायचं आणि काय नाही, ते ठरवायला सरकारने मला पाठवलंय."

तेव्हा धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण आमची धरणी खडकाळ आहे, ती सहजासहजी दुभंगत नाही.

बाटलीवर काय छापायचं, हे माझ्या बाबांनी कधीच ठरवून टाकलं होतं. सी, म्हणजे श्रीयुत, मुफद्दल हे संस्थेचे अध्यक्ष. किफच्या, म्हणजे गांजाच्या, बियांचं तेल काढायची कल्पना त्यांचीच. त्यांनी माझ्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या: साखर, गुडघे, टक्कल, उदासी, अपचन आणि लागलेली नजर, या सर्वांवर खात्रीचा उपाय. जवादने चिठ्ठी दोनदा वाचली.

"यातलं नेमकं काय सिद्ध झालंय, सी मुफद्दल?"

"सगळं!" बाबा छाती ठोकून म्हणाले. "मी साखरेच्या गोळ्या गेल्या हिवाळ्यात खिडकीतून फेकल्या. सकाळ-संध्याकाळ चमचाभर तेल घेतो. मोज माझी साखर! आत्ता मोज!"

जवादने पिशवीतून यंत्र काढलं, बाबांच्या बोटाला टोचलं. साखर चांगली आली. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू त्यांनी एकट्याने किल्ला जिंकला.

मला मात्र धडकी भरली, आता ते गोळ्यांना कधी हात लावणार नाहीत. माझ्या काकांचा पाय साखरेनेच गुडघ्यापासून गेला, आणि तेही शेवटपर्यंत म्हणत होते, मला काही होत नाही. त्यात बाबांचं बघून शेजारच्या सी बुश्तांनीही गोळ्या सोडल्या होत्या. मला माझे बाबा हवे होते, दोन्ही पायांसकट.

जवाद घाण्याच्या माडीवर राहिला. दिवसा तो नमुने तपासायचा, मी बाटल्या भरायचे, आणि आमच्यामध्ये एक लांबलचक टेबल होतं. ते टेबल दिवसेंदिवस आखूड होत चाललं होतं.

"खरं सांगा," मी एकदा विचारलं, "किफ ओढला की माणूस वेडा होतो?"

"एका झुरक्याने नाही. पण कोवळ्या वयात रोज ओढायचा, आणि तोही हल्लीच्या जहाल बियाण्याचा, तर काहींचं डोकं खरंच फिरतं. तसा पुरावा आहे."

"बाबा म्हणतात, झाडाचं आहे, अपाय कसा करेल?"

"कण्हेरही झाडच आहे. सांगा त्यांना, वाटीभर रस घ्या म्हणावं."

मला हसू फुटलं, थोडं तेल सांडलं. "आणि सवय लागते?"

"सगळ्यांना नाही. ओढणाऱ्या दहांतल्या साधारण एकाला लागते. लहानपणी सुरू केलं तर जास्त जणांना."

"म्हणजे चांगलं असं काहीच नाही?"

"आहे ना! कॅन्सरच्या औषधांनी उलट्या होतात, त्यावर उपयोग होतो. मुलांच्या काही विशिष्ट फिट्सवर होतो. काही जुनाट दुखण्यांना थोडा आराम पडतो. पण ती झाडातून वेगळी काढलेली, मोजून दिलेली औषधं. तुमचं बियांचं तेल वेगळं... ते भाकरीला लावायचं."

"आणि कॅन्सर बरा होतो म्हणतात, ते?"

"काचेच्या बशीत काही पेशी मेल्यात. बशीत त्या व्हिनेगरनेही मरतात, नुहैला."

त्याने पहिल्यांदाच माझं नाव घेतलं होतं. मी बाटलीचं झाकण उगाचच तीनदा घट्ट केलं.

"आणि टकलावर?"

त्याने खिडकीतून अंगणाकडे बघितलं. तिथे बाबा उन्हात बसून डोक्याला तेल चोळत होते. डोकं लख्ख चमकत होतं.

"पुरावा समोरच आहे," तो हळूच म्हणाला.

"आणि... प्रेमावर? लोक म्हणतात, किफने माणूस प्रेमळ होतो."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "माहीत नाही," तो म्हणाला.

आमच्या डोंगरात सगळ्यांना सगळं माहीत असतं. पाऊस कधी येणार, कुणाची गाय का आटली, राजधानीत काय शिजतंय... न अडखळता सांगतात. 'माहीत नाही' म्हणणारा पुरुष मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला तो फार म्हणजे फारच आवडला.

बाबांच्या नजरेतून हे सुटलं नाही. जेवताना त्यांनी भाकरी मोडता मोडता जाहीर केलं, "जो माझ्या तेलाला नावं ठेवतो, त्याला मी बाटली देणार नाही. मुलगी कुठली देतोय!"

मुलीला अजून कुणी मागणीही घातली नव्हती. जवादच्या घशात घास अडकला. आईने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि म्हणाली, "सावकाश जेव, बाळा."

पाणी पिऊन तो धीराने म्हणाला, "सी मुफद्दल, आपण पैज लावू. तुमचं तेल खरं ठरलं, तर मी गुरुवारच्या बाजारात उभा राहून तसं सांगेन. नाही ठरलं, तर तुम्ही गोळ्या सुरू करायच्या."

"कबूल! तयारी ठेव घसा बसवायची!"

पैज अशी ठरली: एक आठवडा तेलाच्या कॅप्सूल, एक आठवडा साध्या ऑलिव्ह तेलाच्या, आणि कुठल्या आठवड्यात कुठल्या, ते बाबांना कळू द्यायचं नाही. "औषधाची चव लागू नये, हा कुठला न्याय?" असं बाबा कुरकुरले. भरायचं काम माझ्याकडे आलं.

"मलाही सांगू नका," जवाद म्हणाला. "मला माहीत असलं तर माझ्या तोंडावर दिसेल."

"तुमच्या तोंडावर तसंही सगळं दिसतं."

"सगळं?" तो दचकला.

"सगळं," मी म्हणाले आणि कॅप्सूल मोजायला लागले. म्हणजे मोजल्यासारखं केलं.

दोन्ही आठवडे संपले. तेल असो, ऑलिव्ह असो, साखर अगदी सारखी. चांगली!

"तेलाने काही फरक पडला नाही," जवाद म्हणाला.

"जुन्या तेलाचा गुण अंगात मुरलाय!" बाबा म्हणाले. "चल पोरा, बाजारात बोलायला उभा राहा."

"फरक पडत नाही म्हणजे तेलाचा गुण नाही. पण मग गोळ्यांशिवाय तुमची साखर चांगली कशी, ते... माहीत नाही."

"ऐका! एवढा शिकला, आणि माहीत नाही म्हणतो!"

नेमकं त्याच वेळी तेतुआनहून फोन आला. मावशीच्या मुलीचे दिवस भरले होते, आई बाळंतपणाला निघून गेली. स्वयंपाक माझ्याकडे आला. सकाळी बाबांपुढे तोच बिसाराचा वाडगा, तेच बाकल्याचं दाट कढण, वर तेलाची धार, जिरेपूड, तीच भाकरी. तेल बाबांनी पुन्हा चमच्याने सुरू केलं होतं, दुप्पट.

आठवडाभराने जवादने बोट टोचलं, यंत्राकडे बघितलं आणि पुन्हा टोचलं. साखर कडाडली होती.

"यंत्र बिघडलं," बाबा म्हणाले.

त्याने यंत्र स्वतःवर लावून दाखवलं. धडधाकट होतं.

"मग हा विरह असणार," बाबा गंभीर होऊन म्हणाले. "तुझ्या आईवाचून माझं रक्त नासलंय."

मी जवादकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. खाणं तेच, तेल तेच, माणूस तोच. घरातून फक्त एक गोष्ट कमी झाली होती.

मी आईला फोन लावला. "आई, बाबांची साखर वाढलीय. तू गेल्यापासून."

"चुलीवर काहीतरी करपतंय गं, ठेवते," असं म्हणून तिने फोन ठेवला. आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ती दारात हजर झाली, बाळाला नीट न बघताच.

"ह्यांनी गोळ्या खिडकीतून फेकल्या," शालही न सोडता ती म्हणाली, "त्या मी अंगणातून वेचल्या. संपल्या तशा ह्यांच्या नावाने दवाखान्यातून आणत गेले. रोज सकाळी कुटून बिसारात घालते. वर जिरं जरा जास्त टाकते. काय करू? दिराचा पाय डोळ्यांदेखत गेलेला पाहिलाय मी. सांगून ऐकणारा हा माणूस आहे का?"

काखेत कळसा नि गावाला वळसा! पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

"लल्ला रहिमो," जवाद आईला चाचरत म्हणाला, "सगळ्याच गोळ्या अशा कुटून चालत नाही हं..."

"मग गिळायला लाव ना ह्यांना! मी कुठे नाही म्हणतेय?"

बाबा उठले आणि गच्चीवर जाऊन बसले. मला आईचा राग आला, बाबांची कीव आली, आणि जवाद आता हातचा गेला, असंही वाटलं. आमच्या घरच्या पुरुषाला ज्याने उघडं पाडलं, त्याला बाबा जावई करून घेतील? डोंगर हलेल एक वेळ, पण सी मुफद्दल हलणार नाहीत.

दुपारी सी बुश्तांची बायको रडत आली. त्यांच्या पायाची जखम काळी पडली होती, त्यांना शफशावनच्या दवाखान्यात नेत होते. "तुमच्यासारखंच तेल घेत होते हो ते," ती म्हणाली. गच्चीवर बाबांनी ते ऐकलं.

चिठ्ठी मंजूर करायला संस्थेची सभा भरली. सगळा गाव होता. जवाद बोलायला उठला, तर बाबांनी त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं.

"तेल चांगलं आहे," बाबा म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. "भाकरीबरोबर छान लागतं. साखरेला काही करत नाही. माझी साखर माझ्या बायकोने सांभाळली आणि तोरा मी मिरवला. माझं ऐकून ज्यांनी ज्यांनी गोळ्या सोडल्या, त्यांनी उद्याच दवाखान्यात जाऊन दाखवावं. मी गाडी सांगून ठेवलीय."

मला माझ्या बाबांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. मी जवादकडे बघितलं, तर तो डोळे पुसत होता, आणि त्याचं नाक लाल झालं होतं. त्याच क्षणी मला पक्कं कळलं की हाच. दुसरा कुणी नाही.

सी बुश्तांची दोन बोटं गेली, पाय वाचला. जवाद नमुने घेऊन राबातला परतला. गाडीत चढताना तो म्हणाला, "नुहैला, मला एक विचारायचंय... पण अजून..."

"पुरावा गोळा करताय?"

"आईला घेऊन येतो," तो एका दमात म्हणाला, आणि गाडी सुटली.

इकडे बाबांचं भलतंच सुरू झालं. नव्याने धर्मात आलेला माणूस बांग जोरात देतो म्हणतात, तशातली गत. कुणी म्हणालं, उद्या पाऊस येईल, की बाबा: "पुरावा?" न्हावी म्हणाला, तुमचे केस येताहेत हं, तर बाबा: "कितीजणांवर तपासलंस?" गाव त्यांना बघून रस्ता बदलू लागला.

अशा वेळी जवाद आईला घेऊन मागणी घालायला आला. दूध, खजूर, साखरेच्या सुळक्यासारख्या उंच ढेपा, सगळं रीतसर. मी चहाचं तबक घेऊन दाराआड ऐकत उभी होते.

"माझा मुलगा तुमच्या मुलीला सुखात ठेवेल," त्याच्या आईने सुरुवात केली.

"हे सिद्ध झालंय का?" बाबा म्हणाले.

बाबा पुढे सरसावले. "असं करू. सहा महिने हिला तेतुआनला मावशीकडे पाठवू. हिच्यावाचून त्याचं काय होतं, ते बघू. काही झालं नाही, तर समजायचं, गुण नाही."

जवादचा चेहरा पांढराफटक पडला.

"तो प्रयोग झालाय," माझी आई म्हणाली. "राबातला गेला तेव्हापासून चाललाय. बघा त्याच्याकडे. पट्ट्याला नवं भोक पाडलंय पोराने."

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हं. उतरलाय खरा. पण ही एक बाजू झाली. नुहैलाच्या बाजूने काय?"

मी तबक घेऊन सरळ आत शिरले. रीत म्हणते, मुलीने चहा ठेवावा, मान खाली घालावी आणि निघावं. मी चहा ठेवला.

"मी सांगते ना, बाबा. मला जवाद हवाय. दुसरा कुणी नको."

जवादच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. "आणि मला ही," तो म्हणाला, "यात मला तसूभरही शंका नाही."

बाबांनी बोट वर केलं. "स्वतःची साक्ष म्हणजे काही पुरा..."

आईने पटकन खजूर उचलला, मधोमध मोडला आणि अर्धा बाबांच्या उघड्या तोंडात कोंबला. "साखर आहे तुम्हाला, अर्धाच," ती म्हणाली.

उरलेला अर्धा तिने जवादच्या हातावर ठेवला.