मागच्या ऑगस्टचं पेट्रोल

धायरीत माझं छोटं दुकान आहे. गवत कापायची, लाकूड कापायची, फवारणीची यंत्रं मी दुरुस्त करते. सगळी टू-स्ट्रोक. त्यांना नुसतं पेट्रोल चालत नाही. लिटरला वीस मिली ऑइल मिसळून द्यावं लागतं. हे मिश्रण पत्र्याच्या डब्यात, सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवायचं आणि महिन्याभरात संपवायचं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून प्रत्येक डब्यावर मी तारखेची चिठ्ठी चिकटवते. त्या बाबतीत मी कडक आहे.

गेल्या जुलैत फळी आवरताना मागे एक डबा सापडला. अर्धा भरलेला. चिठ्ठीवर आदल्या वर्षीच्या ऑगस्टची तारीख, अक्षर माझंच. काचेच्या बरणीत थोडं ओतून पाहिलं. अकरा महिन्यांच्या पेट्रोलला जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास यायला हवा. याला ताजा, झणझणीत वास होता. रंग नव्या मिश्रणासारखा स्वच्छ निळसर, तळाला पाण्याचा थेंब नाही.

सोसायट्यांच्या बागा सांभाळणारा सौमित्र समोरच उभा होता.

"ताई, पेट्रोल आहे ते. लोणचं नाही, मुरत ठेवायला."

"टाकणारच आहे," मी म्हटलं.

पण राहून गेलं. सोमवारी दुकान उघडलं तर डबा फळीवर पुढे आलेला, धूळ पुसलेली. किल्ली एकच, माझ्याकडे. मी तो पुन्हा मागे सारला. गुरुवारी तो परत पुढे होता. उचलला तर जड लागला. झाकण उघडलं. गळ्यापर्यंत भरला होता.

डबा मागच्या दाराबाहेर सावलीत ठेवला आणि हात बराच वेळ धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला वारा सुटला. आठवडाभराच्या पावसाने माती सैल झालेली. कोपऱ्यावरचा गुलमोहर मुळासकट उपटला आणि सुंदराबाईंच्या पत्र्याच्या खोलीवर आडवा झाला. सुंदराबाई तिथे एकट्याच राहतात, भाकऱ्या करून विकतात. आतून त्यांच्या हाका येत होत्या. दर हाकेला आवाज बारीक होत होता.

अग्निशमनची गाडी निघाली होती, पण वाटेतही झाडं पडली होती. मी दुकानातली पेट्रोलवरची करवत घेऊन धावले. टाकी कोरडी. ताजं मिश्रण सकाळीच सौमित्रची माणसं घेऊन गेली होती, आणि पंपाकडचा रस्ता याच झाडाने अडवला होता.

"तो डबा?" मागोमाग धावत आलेला सौमित्र म्हणाला.

"वर्षाचं पेट्रोल आहे. त्यावर यंत्र सुरू होणार नाही."

"ताई, ओता!"

मागच्या दारातून डबा आणून ओतलं. दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला करवत सुरू झाली.

सौमित्रने खोडाखाली टेकू दिले. मी वरून कापत गेले. इंजिन एकदाही अडखळलं नाही. अजून निम्मं खोड तरी बाकी असेल, असं वाटत असतानाच ते अलगद सुटलं.

सुंदराबाई जिवंत बाहेर आल्या. पाय मोडला होता, बाकी धडधाकट. मी रस्त्यातच बसून रडले.

चार वाजता त्या दवाखान्यातून परतल्या आणि माझ्या दुकानात टेकल्या. पायाला प्लास्टर, हातात चहा.

"तुझ्यामुळं वाचले, पोरी. त्या दुसऱ्याला बी सांग."

"कुणाला?"

"आतनं कापत व्हता की. माझ्या उशाशी. धुरात तोंड काय दिसलं नाय. 'मावशी, डोळे मिटा,' म्हनला. लई धीर आला बघ."

करवत एकच होती. आत मांजराला बसायलाही जागा नव्हती.

मी खोलीकडे गेले. खोडाच्या कापलेल्या तोंडाशी वाकून पाहिलं.

वरून माझा काप होता.

खालून, जमिनीच्या बाजूने, दुसरा. दोन्ही मधोमध नेमके मिळाले होते.

सुंदराबाईंचं डोकं होतं तिथे पांढराशुभ्र भुसा साचला होता. मी चिमूटभर उचलला.

चार तास उलटून गेले होते. भुसा अजून गरम होता.