उलट्या फितीवरचा खून

पियर्स हॅनराटीचं डोकं माइकच्या स्टँडच्या लोखंडी बैठकीने फोडलेलं होतं. एका घावात भागलं नव्हतं. रक्त छतापर्यंत उडालं होतं. गिटार अजून त्याच्या गळ्यातच होती.

इन्स्पेक्टर केंड्रिक जिना उतरून आला आणि नाकाला रुमाल लावून उभा राहिला. लंडनच्या सोहो भागातल्या तळघरातला हा स्टुडिओ. महिनाभर इथे एकच गाणं चाललं होतं, ‘शिशाचा चंद्र’.

कोपऱ्यात ड्रमवाला मोझ टली बसला होता. हातात बेड्या, कोपरापर्यंत रक्त. सगळे जेवायला समोरच्या पबमध्ये गेले होते. ध्वनियंत्री विल्फ सँडमन परत आला तेव्हा टली प्रेत मांडीवर घेऊन बसलेला दिसला.

‘‘पबमधून मधेच उठून कुठे गेलास?’’ केंड्रिकने विचारलं.

‘‘रस्त्यावर. डोकं फिरलं होतं माझं.’’

‘‘कशाने?’’

‘‘पियर्स म्हणाला, तुझ्यापेक्षा माझी आजी बरे ड्रम बडवेल. दुसरा माणूस आणणार होता.’’

‘‘म्हणून तू त्याला बडवलंस?’’

‘‘नाही हो! मी उचलला त्याला. वाटलं, श्वास आहे.’’ टलीला रडू फुटलं. ‘‘मला बाहेर काढा साहेब. आतमध्ये मी मरून जाईन.’’

केंड्रिकला खुनी रडताना पाहायची सवय होती. त्याने मान फिरवली. संध्याकाळपर्यंत प्रकरण मिटेल, असं त्याला वाटत होतं.

रेकॉर्ड कंपनीचा निर्माता जेराल्ड ॲशकोम फोन गेल्यावर ऑफिसातून धावत आला. सकाळी इथून गेल्यावर फिरकलोच नाही, म्हणाला. प्रेताला वळसा घालून तो थेट यंत्राकडे गेला.

‘‘विल्फ, फीत शाबूत आहे ना रे?’’

‘‘माणूस मेलाय, जेराल्ड!’’

‘‘दिसतंय मला,’’ ॲशकोम म्हणाला, आणि पियर्सच्या आईला फोन करायला वर गेला.

‘‘ऐकव ती फीत,’’ केंड्रिक म्हणाला.

सँडमनने चाकं काढली, फीत पालटली आणि पुन्हा लावली.

‘‘हे काय केलंस?’’

‘‘सरळ केली, साहेब. गिटार उलटी भरत होतो. फीत उलटी लावायची, नेहमीसारखं वाजवायचं. मग फीत सरळ केली की सूर शेपटाकडून येतात. पियर्सचं खूळ. जेवायला निघता निघता पालटली.’’

‘‘मी हसलो,’’ टली कोपऱ्यातून म्हणाला, ‘‘तर माझीच काठी फेकून मारली मला.’’

‘‘आणि यंत्र?’’

‘‘चालू ठेवून गेलो,’’ सँडमन म्हणाला. ‘‘वाजवताना त्याला समोर कुणी चालत नसे. सगळ्यांना हाकलून द्यायचा. आलो तेव्हा बंद होतं.’’

गाणं सुरू झालं. केंड्रिकची मुलगी असलंच काहीतरी ऐकायची आणि त्याचं डोकं उठायचं. मधेच चित्रविचित्र किंकाळ्या, हुंकार, आदळआपट, आणि तिथे ड्रम एकदम गप्प. मग ड्रम परतले आणि गिटार आली, पण सूर मागच्या मागे खेचले जात होते.

‘‘मघाशी किंचाळलं ते भूत कुठलं?’’

‘‘पियर्सचेच चाळे. गेल्या आठवड्यात कुत्रा आणून भुंकवला होता. पण ड्रम...’’ सँडमन वाकून पाहू लागला. ‘‘ड्रम कुणीतरी पुसलेत, साहेब!’’

केंड्रिकबरोबरच्या सार्जंटने टलीकडे बोट दाखवलं. ‘‘याने रागाने पुसले. मला नाही तर कुणालाच नाही.’’

‘‘स्वतःचे?’’ टली ओरडला. ‘‘तेवढेच तर राहिले होते माझे!’’

केंड्रिक यंत्राच्या चाकांवर वाकला. मग सँडमनकडे वळला.

‘‘पुसायला येतं कुणाकुणाला?’’

‘‘सगळ्यांना. महिना काढलाय इथे.’’

‘‘या फितीवर चार पट्टे आहेत ना, एकेका वाद्याला एकेक? ड्रम कितव्यावर?’’

‘‘पहिल्या.’’

‘‘आजची गिटार?’’

‘‘चौथ्या. पहिल्या दिवसापासून ठरलंय.’’

‘‘आणि फीत उलटी असताना चौथा पट्टा कुठे येतो?’’

‘‘पहिल्याच्या जागी. आणि पहिला जातो चौथ्याच्या...’’ सँडमनचा चेहरा पांढराफटक पडला.

‘‘पुन्हा उलटी लाव. आणि त्या ॲशकोमना खाली बोलवा.’’

ॲशकोम आला. केंड्रिकने मान हलवताच फीत सुरू झाली. आता गिटार सरळ वाजत होती. ती थांबली. फितीवर दार वाजलं, मग पियर्सचा आवाज.

‘‘जाळणार आहे मी ही फीत, जेराल्ड. तुमच्या दुकानात माझं गाणं विकायचं नाही!’’

‘‘वेडा झालास? हात लावून बघ!’’

झटापट. तारांचा खणखणाट. मग धप्प. पुन्हा धप्प. पियर्स आईला हाक मारत होता. घाव थांबत नव्हते. सार्जंटने तोंड फिरवलं.

ॲशकोमने कोपऱ्यातला दुसरा स्टँड उचलला आणि यंत्रापाशी उभ्या सँडमनच्या डोक्याच्या रोखाने हाणला. नेम चुकला, खांदा मोडला. बेड्या घातलेल्या हातांनीच टलीने ॲशकोमच्या मानेला विळखा घातला आणि त्याचं तोंड जमिनीवर आपटलं. सार्जंटने त्याला मुश्किलीने सोडवलं.

‘‘बास, टली!’’ केंड्रिक म्हणाला. ‘‘ॲशकोम, तुमचं भांडण फितीवर आलं हे तुम्हाला यंत्राचा दिवा पाहून कळलं. गिटार चौथ्यावर भरायची, हे माहीत होतं. तुम्ही चौथ्याचं बटण दाबून पुसलंत. पण फीत पालटलेली होती, आणि गेले ड्रम. सँडमनने ती स्वतः पालटली. टली तिथेच उभा राहून हसला. दोघांपैकी कुणीही ही चूक केली नसती. केली ती अशा माणसाने, ज्याला गाण्याचं सगळं माहीत होतं, पण फीत पालटताना जो इथे नव्हता.’’

ॲशकोमने रक्ताळलेले दात पुसले.

केंड्रिकने स्वतः टलीच्या बेड्या काढल्या. ‘‘घरी जा,’’ तो म्हणाला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याला हे दोन शब्द बोलताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग तो ॲशकोमकडे वळला. ‘‘एक कळत नाही. फीत सरळ शेगडीत टाकली असतीत, तर आज टली तुरुंगात गेला असता आणि तुम्ही सुटला असता.’’

‘‘इन्स्पेक्टर,’’ ॲशकोम म्हणाला, ‘‘ती जाळायचीच असती, तर पियर्सला मारलं कशाला असतं?’’