बाळराजांच्या कोटाचा रंग

खरं तर सुजित आमच्या शिलाईच्या दुकानात आलाच नव्हता. तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे आला होता आणि झेरॉक्सवाल्याचं शटर बंद होतं. काळेवाडीत डिसेंबरची थंडी पडली होती, शाळांच्या गॅदरिंगची धांदल होती आणि मी भाड्याने द्यायच्या फेट्यांच्या ढिगात बसले होते.

"मॅडम, हे कधी उघडतील?"

"अगं, पाव्हणं थंडीत उभं हायत, आत तरी बोलव की!" आई आतून ओरडली.

तो आत आला. हातात एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो... जुन्या बाजारात सापडलेला. कुठल्याशा संस्थानाचा छोटा राजपुत्र, फरच्या कॉलरचा कोट, दोन्ही हात बाह्यांत लपवलेले आणि नाक चक्क गळतंय!

"राजा झाला तरी सर्दी सोडत नाही की," मी म्हणाले. तो असा काही हसला की माझी सुई बोटात गेली.

"माझ्या भाचीला गॅदरिंगमध्ये राजपुत्र व्हायचंय. असा कोट शिवाल?"

"शिवते की. रंग कुठला?"

तो घुटमळला. "तुम्ही... तुम्हीच ठरवा."

मग काय! चाकणला शिफ्ट संपली की स्वारी वाट वाकडी करून आमच्याकडे. कधी बटणं बघायला, कधी नुसतीच.

"फारच काळजी हो तुम्हाला कोटाची," मी चिडवायचे.

"हो ना... कोटाचीच," तो म्हणायचा आणि चहात तोंड लपवायचा. मी तर पुरती अडकले होते. पण त्याच्या मनात काय आहे, ते काही केल्या कळेना.

शेवटी मीच धीर केला. कोट तयार झाला तेव्हा म्हणाले, "उद्या न्यायला या. आणि... इथलं येणं फक्त कोटासाठी असेल, तर लाल शर्ट घालून या. आणखी कशासाठी असेल, तर हिरवा."

दुसऱ्या दिवशी तो आला. अंगात कोरा करकरीत, गडद लाल शर्ट.

कोट पिशवीत कोंबून मी त्याच्या हातात दिला. "झालं तुमचं काम. या आता."

"भाग्यश्री..." त्याचा चेहरा उतरला. "तुम्हीच म्हणाला होतात ना, हिरवा?"

मी त्याच्या शर्टाकडे बोट केलं. त्यानं स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लाल आहे का हा?" त्यानं हळूच विचारलं. "मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. दुकानदाराला विचारायची लाज वाटली... आणि तुम्हाला सांगायची भीती. यापायी एकदा ठरत आलेलं लग्न मोडलंय माझं. म्हणून तर हा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आवडतो. यात सगळ्यांना जेवढं दिसतं, तेवढंच मलाही दिसतं."

माझे डोळे भरून आले. हा वेडा माझ्यासाठी हिरवा शर्ट शोधत बाजारभर फिरला होता! एवढं माझ्यासाठी कुणी कधी केलं नव्हतं.

"रोज सकाळी मला शर्टाचा रंग सांगाल?" त्यानं विचारलं.

"सांगेन... जन्मभर सांगेन."

आतून आईच्या बांगड्या वाजल्या. ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती.

फोटोतले बाळराजे आता शिलाई मशीनच्या वर, भिंतीवर असतात. संध्याकाळी उदबत्ती लावताना मी त्यांनाही ओवाळते. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर. आणि त्या बंद शटरचेही.

साखरपुड्याला सुजित तोच शर्ट घालून आला. भेटेल त्याला ऐटीत सांगत होता, "हा हिरवा आहे बरं का!" आणि मी शेजारी उभी राहून मान डोलवत होते.