सतरावा रंग

घरून काम करणारा माणूस कामावर आहे, असं गावात कुणी धरत नाही. मी घोडेगावात आमच्या घराच्या माडीवर बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो, आणि आई खालून तासातासाला हाक मारते, "स्टीफन, रिकामाच हायेस तर दळण घिऊन ये की." मी रिकामा नसतो. दिवसाचे नऊ-दहा तास मी एडिटरसमोर असतो. एडिटर म्हणजे आमची लिहायची पाटी. तिच्यावर प्रोग्रॅमचे शब्द निरनिराळ्या रंगांत दिसतात, म्हणजे आकडा कुठला, सूचना कुठली, टीप कुठली हे नजरेला चटकन कळतं. या रंगांच्या संचाला थीम म्हणतात. अशा हजारो थीम फुकट मिळतात, आणि मला एकही पसंत नव्हती. एकतर दवाखान्यासारख्या पांढऱ्याफटक, नाहीतर ऑर्केस्ट्राच्या स्टेजसारख्या भडक.

म्हणून मी स्वतःचीच केली. आमच्याकडे जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथं विकायला आणलेल्या बैलांची शिंगं रंगवलेली असतात. मोबाईलवर त्यांचे फोटो काढायचे, फोटोतल्या एकेका ठिपक्यावरून रंग उचलायचा आणि त्याचा सहा अक्षरी क्रमांक थीमच्या फाईलमध्ये लिहायचा, असा माझा उद्योग दोन महिने चालला. शिंगांचा हिंगुळी, झुलीचा निळा, कडब्याचा फिका, नव्या कासऱ्याचा तांबूस. असे सोळा रंग जमले. माझी बायको दया जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, "अहो, बाहेरच्या खोलीला रंग द्या म्हणून सांगतेय, त्याला वर्ष झालं."

थीमला 'घोडेगाव' नाव दिलं आणि नेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिली. कुणीही घ्यावी, हवे ते रंग बदलावेत, एखादा बदल चांगला वाटला तर मला पाठवावा. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, तसाच हा प्रकार.

जुलैत एक बदल आला. पाठवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. त्या साइटवर नावाशिवाय खातं उघडताच येत नाही, हे मी नंतर तीनदा तपासलं. निरोप एका ओळीचा, मराठीत होता: 'एक रंग राहिला होता.' खाली फाईलमध्ये वाढवलेली एक ओळ, नुसता क्रमांक. तो रंग कशाला लावायचा, हे लिहिलेलंच नव्हतं. असा रंग फाईलमध्ये पडून राहतो, पडद्यावर कुठंच दिसत नाही. कुणीतरी आपल्याला मराठीत लिहिलं याचंच मला एवढं अप्रूप वाटलं, की मी फारसा विचार न करता तो थीममध्ये घेऊन टाकला.

चार दिवसांनी तो दिसला. सहाशे ओळींच्या प्रोग्रॅममध्ये मधलीच एक ओळ वेगळी उमटली होती. धड पिवळी नाही, धड हिरवी नाही. पितळेच्या भांड्यात ताक कळकलं की कडेला जो रंग धरतो, तो. थीमच्या फाईलमध्ये मी पुन्हा पाहिलं. तो रंग कशालाच जोडलेला नव्हता. मग ती ओळ नीट वाचली. फेब्रुवारीला एखाद्या वर्षी एकोणतीस दिवस असतात, हे लिहिताना मी साफ विसरलो होतो. चूक दुरुस्त केली, आणि ओळ आपल्या नेहमीच्या रंगांत परत गेली.

पुढच्या आठवड्यात कंपनीतल्या रश्मीने लिहिलेल्या भागात तसंच झालं. तिथंही चूक निघाली. तिसऱ्यांदा मी ओळ वाचण्याआधीच चूक शोधायला लागलो. कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं. फुकटात एक हुशार मदतनीस मिळाला होता.

सप्टेंबरात आम्ही दरवर्षी हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला जातो. गल्लीतली मंडळी मिळून टेम्पो करतो, आणि यादी माझ्याकडे असते. मला सगळं एडिटरमध्येच लिहायची खोड आहे, किराण्याची यादीसुद्धा. शनिवारी दुपारी जेवण करून मी बारा नावं लिहून काढली.

सातवं नाव त्या रंगात होतं. दया भिंगारदिवे.

मी नाव पुसून पुन्हा लिहिलं. तोच रंग. यादीत सगळ्यात वर नेलं, सगळ्यात खाली नेलं. थीम बंद केली, नाव साधं झालं. थीम चालू केली, नाव कळकलं.

मला टेम्पोची भीती वाटली. टेम्पोच रद्द करायचा, असं मनात ठरवून मी नवी कोरी फाईल उघडली आणि त्यात फक्त तिचं नाव लिहिलं. ना यादी, ना यात्रा, ना टेम्पो.

तोच रंग.

म्हणजे चूक टेम्पोत नव्हती.

मी खाली गेलो. दया वह्या तपासत होती.

"दया, तुला काही होतंय का?"

"मला? काय होणार?"

"कुठं दुखतंबिखतं?"

"डोकं दुखतं अधनंमधनं. खडूची धूळ जाते ना नाकात." तिने पेन खाली ठेवलं. "का हो?"

"कधीपासून?"

"जुलैपासून असेल."

"ऊठ, नगरला जायचंय," मी म्हणालो. आई माजघरातून बाहेर आली. "आरं, यात्रा तोंडावर आली आन् दवाखाना कसला काढतोस? मतमाउली बघून घील सगळं."

"आई, मतमाउलीला मी नंतर भेटतो."

नगरच्या डॉक्टरांना माझा वैताग आला. एवढ्याशा डोकेदुखीला मेंदूचा फोटो कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी हटलो नाही. संध्याकाळी त्यांनी फोटोची काळी फिल्म उजेडासमोर धरली आणि एका ठिकाणी बोट टेकवलं.

"तुम्हाला इकडं कुणी पाठवलं?"

"कुणी नाही."

"रक्तवाहिनीला फुगा आलाय. फार पातळ झालाय." त्यांनी दयाकडे पाहून आवाज खाली आणला. "आजच पुण्याला न्या."

ऑपरेशन पुण्यात झालं. अकराव्या दिवशी दया स्वतःच्या पायांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडून आत आली. आईने तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, मग आपण ख्रिस्ती आहोत हे आठवून घाईघाईने क्रूसाची खूण केली. दया हसली. डोक्याला पट्टी होती तरी हसली.

मी माडीवर गेलो, लॅपटॉप उघडला आणि तिचं नाव लिहिलं. काळ्या पडद्यावर साधं, पांढरं, चारचौघांसारखं उमटलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. इतकं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. मग आईचं नाव लिहिलं, माझं लिहिलं, गल्लीतल्या सगळ्यांची लिहिली. सगळी पांढरी. खाली दया आईला चहात साखर जास्त झाली म्हणून टोकत होती, आणि तो आवाज मी जिन्यात उभा राहून ऐकला, तो थांबेपर्यंत.

परत येऊन बसलो. थीमच्या पानावर बऱ्याच दिवसांत गेलो नव्हतो. नऊ हजारांवर लोकांनी ती घेतली होती. त्या माणसांचा विचार मी आजवर केलाच नव्हता. पानावर नुकताच आलेला एक निरोप होता.

'दादा, मी एका कारखान्यात सुपरवायझर आहे. प्रोग्रॅमिंग शिकतोय, तुमची थीम लई आवडली. फक्त आज दुसऱ्या पाळीच्या कामगारांची यादी एडिटरमध्ये उघडली, तर सगळीच्या सगळी नावं एका कळकट पिवळ्या रंगात दिसायला लागली. माझंसुद्धा. डोळ्याला बरं वाटेना, म्हणून तो रंगच मी फाईलमधून काढून टाकला. आता एकदम छान दिसतंय. आभार.'

घड्याळात तीनला पाच कमी होते. मी लिहिलं, 'कुठला कारखाना? गाव कुठलं? लगेच सांगा.'

उत्तर लगेच आलं.

'पाळी सुरू होतेय दादा. सुटल्यावर सांगतो.'