डाव्या अंगाची जागा

आज लाईट बाराशिवाय येत नाही. तोवर इथून हलायची सोय नाही, आणि झोपलो तर लाईट आल्यावर पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या उसात जाईल. तेव्हा या जवळ, ती चिपाडं टाका शेकोटीत. एक सांगतो. ऐकीव नाही. माझ्या साडूचा पोरगा शिवतेज, कुपवाडला ज्याचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्यावर गुदरलेलं. शिवतेज भित्रा गडी नाही. पण मला हे सांगताना त्याच्या हातातला चहा तसाच गार झाला होता.

हा शिवतेज आधी तिथंच एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. पुढं मशीन सुटलं, कॅमेरा हाती आला. सुपारी, हळद, लग्न, बारसं, सगळं काढतो. हाताला गुण आहे. नवरी रडवेली असो नाहीतर व्याही रुसलेला असो, हा असं काही बोलतो की माणूस हसतंच. तेवढ्यात यानं खटका दाबलेला असतो.

गेल्या पौषातली गोष्ट. शुद्ध नवमी, वार गुरुवार. कवठेमहांकाळच्या पूर्वेला माळावर एक वस्ती आहे, तिथं त्याला जायचं होतं. धनगराचं घर. आजा जन्मभर मेंढरांमागं हिंडला, बापानं बोअर पाडली, आता द्राक्षबाग आहे. बाप वारला. घरात आई बनाबाई आणि मुलगा अमृत. अमृत मिलिटरीत. त्याची सुपारी फुटली होती, लग्न वैशाखात धरलं होतं, आणि सुट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी संपत होती. लग्नाच्या बोर्डावर लावायला जोडीचे फोटो तर पाहिजेत. पौषात कसले फोटो म्हणून बनाबाई कुरकुरली, पण दुसरा दिवसच नव्हता.

शिवतेजला दिवसभर मिरजेत दुसरं काम होतं. तिथून सुटून मोटारसायकलवर बॅगा बांधून तो एकटाच निघाला, तो ऊन कलायला पोचला. नवरी आटपाडीकडची, राणी नाव तिचं, नर्सिंग शिकलेली. आईला घेऊन आली होती. आई बनाबाईबरोबर चुलीपाशी बसली, आणि शिवतेज या दोघांना घेऊन बागेत गेला.

अमृत फोटोला उभा राहिला की छाती पुढं, हात मांडीला चिकटलेले.

"आवं दादा, परेड न्हाई ही," शिवतेज म्हणाला. "बायकू हाय शेजारी, साहेब न्हाई."

"साहेबच की ओ," राणी म्हणाली. मग अमृतही हसला. छान झाले फोटो. पण थंडीतला दिवस तो, बघता बघता बुडाला.

शिवतेजचं मन भरलं नव्हतं. बागेच्या पलीकडं त्याला शेततळं दिसलं. नवमीचा चंद्र डोक्यावर आलेला, तळ्यात उतरलेला.

"तिथं दोन काढू," तो म्हणाला. "लाईट हाय माझ्याकडं. लय भारी दिसंल."

अमृत एकदम म्हणाला, "तिकडं कशाला? हितंच काढा की."

"आवं, चंद्र पाण्यात उतरलाय. असा फोटो परत मिळायचा न्हाई."

"चला की," राणी म्हणाली.

अमृत तिच्याकडं बघत राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. पण तसाच चालायला लागला.

शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. काळा, गुळगुळीत, वर शेवाळ. एकदा आत घसरला की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, नख रुतवायला जागा नसते. त्यात या तळ्याचं कुंपण एका अंगानं पडलेलं. शिवतेजनं हे सगळं बघितलं आणि दोघांना काठापासून चांगलं लांब, भरावाच्या मधोमध उभं केलं. तळं दोघांच्या मागं, राणी अमृतच्या डाव्या अंगाला. आपण थोडा मागं गेला, बाजूला लाईटचं स्टॅण्ड लावलं. डोळा कॅमेऱ्याला.

पहिला फोटो झकास आला.

दुसऱ्याला दोघांत फट दिसली. "ताई, जवळ या जरा." राणी सरकली.

तिसऱ्याला फट आणखी मोठी. अमृत जागच्या जागी होता. राणीच बाजूला आणि मागं गेली होती, काठाच्या अंगाला.

"लाजताय व्हय? मगाशी बागेत तर साहेब म्हणत हुता."

"लाजंना मी. त्या ताईच बाजूला सर म्हणायल्यात."

"कोण ताई?"

"तुमच्यासंगट आलेल्या. त्या काय, मागं उभ्या हायत."

शिवतेज एकटा आला होता. त्याला वाटलं, वस्तीवरून कोणी बायका आल्या असतील. त्यानं मागं वळून बघितलं.

लाईटचं स्टॅण्ड. त्याच्यामागं अंधारात बाग. बाकी कोणी नाही.

"कोन न्हाई मागं, ताई."

राणी हसली. "आवं, हिरव्या लुगड्यातल्या. केस वल्ले हायत बघा त्यांचं. एवढ्या थंडीचं न्हाल्या का काय..."

शिवतेजनं अमृतकडं बघितलं. अमृतच्या तोंडावरचं रगत उतरलं होतं.

रातकिडे कधी बंद झाले, ते शिवतेजला कळलं नाही. आता मात्र कळलं. कुठं काही वाजत नव्हतं.

"काय म्हंत्यात त्या?" शिवतेजनं विचारलं. का विचारलं, ते आजही त्याला सांगता येत नाही.

"म्हंत्यात... जरा सर. मला जागा दे."

आणि राणी आणखी एक पाऊल सरली.

"ताई, सरू नका. मागं तळं हाय."

पण तिचं लक्ष नव्हतं. ती शिवतेजच्या खांद्यावरून मागं बघत होती. मग तिची नजर हलली. हळूहळू. कोणी चालत यावं आणि आपण त्याच्याकडं बघत राहावं, तशी.

"निघाल्या..."

शिवतेजच्या उजव्या कानाला गार लागलं. ओलं गार. शेवाळाचा वास आला. आला... आणि पुढं गेला.

राणीची नजर आता शिवतेजवर नव्हती. त्याच्या पुढं होती. अमृतच्या आणि त्याच्या मधे. मग अमृतच्या अगदी जवळ.

"आल्या," राणी म्हणाली. "सरते, बाई... सरते..."

एक पाऊल. अजून एक.

कागदावर पाय पडल्याचा आवाज झाला.

मग पाण्याचा.

तळ्यातला चंद्र फुटला. राणी एकदा वर आली, हात कागदावर आपटले, सर्रकन खाली गेली. शिवतेजनं कॅमेरा टाकला.

"अमृतदादा! पळा!"

अमृत हलला नाही. मिलिटरीतला गडी, पट्टीचा पोहणारा. जागेवर उभा. डावा हात अंगापासून थोडा उचललेला, ताठ. तोंड उघडं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाय उचलत नव्हता.

शिवतेजनं लाईटचं स्टॅण्ड उपटलं, पोटावर पडला आणि ते पाण्यात सोडलं. राणीच्या हाताला लागलं. तिनं धरलं. पण एकट्याला ओढेना. तोच इंचाइंचानं खाली घसरायला लागला. तो ओरडत होता. काय ओरडत होता, त्यालाच ठाऊक नाही.

ओरडा ऐकून बनाबाई धावत आली. तिनं तळ्याकडं बघितलं, मग पोराकडं बघितलं. त्याच्या त्या उचललेल्या हाताकडं. आणि जागीच थांबली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"पूजा!" ती ओरडली. "सोड त्याला!"

काही नाही.

मग म्हातारीचा आवाज उतरला. आजारी लेकराला समजवावं तसा.

"पूजा... माझ्या बाई. पोरगी बुडाय लागलीया ग. तू हितंच गेलीस. तुला ठावं हाय ते कसं असतंय. हिला नगं जाऊ देऊस. तुझा फोटू ऱ्हायला, मला ठावं हाय. काढतो. आत्ता काढतो. सोड त्याला."

अमृत पुढं कोलमडला. कोणी धरलेलं एकदम सोडावं, तसा. गुडघ्यांवर पडला, उठला, शिवतेजच्या शेजारी अंग झोकून दिलं. दोघांनी राणीला वर काढलं.

ती खोकली, ओकली, मग रडली. तिची आई मागून पळत आली होती, तिनं तिला घोंगड्यात गुंडाळलं. "चल, ऊठ. असलं घर नगं आपल्याला," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तिथंच मातीत बसून बनाबाईनं सांगितलं. पूजा अमृतची पहिली बायको. लग्न लॉकडाऊनमधलं, बागेच्या कडेला, चार माणसांत, तोंडाला फडकी बांधून. फोटोवाला कुठला यायला? मोबाईलवरचे फोटो होते तिचे, एकटीचे. पण नवऱ्याशेजारी नीट उभं राहून काढलेला, भिंतीला लावायचा फोटो नव्हता. तिला तेवढीच हौस. अमृत दर खेपेला म्हणायचा, पुढच्या सुट्टीला स्टुडिओत जाऊ. एक सुट्टी बागेच्या छाटणीत गेली, एक बापाच्या आजारपणात. मग एके दिवशी मोटारीच्या पाइपात पाला अडकला म्हणून ती तळ्यात वाकली...

राणीनं अमृतकडं बघितलं.

"पयली बायकू वारली हे सांगितलासा. हितं वारली हे न्हाई सांगितलं."

अमृतनं मान खाली घातली.

"ऊठ ग," आई म्हणाली.

"थांब आई." राणीचे दात वाजत होते. "त्यांनी मला ढकललं न्हाई. जागा मागितली निस्ती. मीच मागं बघितलं न्हाई." मग बनाबाईकडं बघून ती शिवतेजला म्हणाली, "आत्यांनी शब्द दिलाय. काढा फोटू."

शिवतेज मला म्हणाला, "काका, मी तवाच बॅग घिऊन पळणार हुतो. पण ती पोरगी वल्ली बसलीया, आन् मी पळू?"

त्यानं कॅमेरा शोधला. चालत होता. लाईट पाण्यात गेली होती, म्हणून मोटारसायकल आणून तिचा दिवा लावला. अमृत उभा राहिला. एकटा. डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडून.

शिवतेजनं डोळा लावला. दिसत होता एकटा अमृत. आणि ती मोकळी जागा.

"आल्या का?" त्यानं राणीला विचारलं.

राणी बघत होती.

"न्हाई."

वारा नव्हता. काही वाजत नव्हतं.

"...आल्या."

बनाबाईनं तोंडात पदर कोंबला.

"केस सारखं करायल्यात... पदर घेतला डोक्यावर..." राणीचा आवाज बारीक झाला. "यांच्याकडं बघायल्यात. यांनी तिकडं बघू नये. समोरच बघा तुमी."

अमृत समोर बघत होता.

"काढू?"

"थांबा." मग... "हां. हसल्या. काढा."

खटका पडला.

लांब कुठंतरी एक रातकिडा वाजला. मग दुसरा. मग सगळा माळ वाजायला लागला. राणीनं डोळे मिटले.

"गेल्या," ती म्हणाली.

आता तुम्ही विचाराल, फोटोत काय आलं. काही आलं नाही. शिवतेजनं स्टुडिओत मोठ्या पडद्यावर ताणून ताणून बघितला. एकटा अमृत, बाजूला जागा मोकळी, मागं तळं. बाई नाही, सावली नाही, काही नाही.

लग्न मोडेल असं सगळ्यांना वाटत होतं. राणी दोन महिने अमृतशी बोलली नाही. मग एका रात्री तिनंच त्याला फोन केला. म्हणाली, पूजाताईंचं सगळं सांगा, काही लपवू नका. रात्रभर तो बोलला. वैशाखात लग्न झालं. तळं बुजवलं त्यांनी. आणि राणीच्याच हट्टानं तो फोटो काचेच्या चौकटीत घालून घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीला लावला.

शिवतेजबरोबर मीही लग्नाला गेलो होतो. दुपारची वेळ. ऊन असं की पत्रा तडतडत होता, माणसाच्या अंगावरचा घामही जागच्या जागी वाळत होता. मी सोप्यात टेकलो, आणि तो फोटो बघितला. अमृत ताठ उभा. त्याच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या उंचीला, काचेवर रुपयाएवढी वाफ धरली होती.

मला वाटलं, कोणाचं बोट लागलं असेल. उठलो. उपरण्यानं पुसली. गेली नाही. बोट फिरवून बघितलं. काच कोरडी ठणठणीत. वाफ आतल्या अंगाला होती.

आणि ती एका मापाची राहत नव्हती, पोरांनो. मी तिथं उभा राहून बघितलंय. जरा मोठी व्हायची... जरा लहान... जरा मोठी...